परोलवर नागपूरला

सिॲटलजवळच्या बॉथेलहून विमानतळाकडे निघालो तेव्हा माझ्या बॅगा डिकीत होत्या आणि एक कागद मांडीवरच्या फोल्डरमध्ये. सिग्नल लागला की मी फोल्डर उघडून तो जागेवर आहे ना, ते बघत होते.

“कागद पळून जात नाहीये, यार,” गाडी चालवणारा माझा नवरा आनंद म्हणाला.

पळाला असता तर मात्र पंचाईत होती. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज पेंडिंग आहे. अशा वेळी माझ्यासारखीनं हा कागद न घेता देश सोडला, तर अर्जच सोडून दिला असं धरतात. कागदाचं नाव अ‍ॅडव्हान्स परोल (परत येऊ देण्याची आगाऊ परवानगी). त्यावर टपाल तिकिटाएवढा माझा फोटो, टिकलीशिवाय, खिसा कापताना पकडल्यासारखा. आनंद आणि आमची नऊ वर्षांची इरा घरीच राहणार होते. मी पाच वर्षांनी एकटी नागपूरला निघाले होते, आईच्या पंचाहत्तरीसाठी.

आई फाटकातच उभी होती. मी समोर गेले तरी ती माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत राहिली. “आई” म्हटल्यावर दचकली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, हे तिनं फोनवर कधी कळूच दिलं नव्हतं. मला राग आला, मग रडू आलं. पण रागवायला तोंड रिकामं हवं ना! तिनं गरम सांबारवडी (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) पुढे केली आणि ती संपेपर्यंत राग थंड झाला.

दुपारी शेजारचे देशमुख काका आले. “किती दिवस आहेस?” त्यांनी विचारलं.

“परोलवर आलेय काका, महिनाभर,” मी गमतीनं बोलून गेले.

काकांचा आवाज एकदम खाली आला. “काय झालं बाप्पा तिकडे? जमानत नाही झाली काय?”

मी हसत सुटले, पण उपयोग झाला नाही. चहाच्या वेळेपर्यंत गल्लीतल्या तीन काकू मला धीर देऊन गेल्या होत्या. आईचा चेहरा उतरला. तिला समजेल असं सांगायचं म्हणून मी म्हटलं, “अगं, ते आमंत्रण आहे. परत या म्हणून त्यांनी आधीच दिलेलं.”

“मग पत्रिका म्हण की,” आई म्हणाली आणि निश्चिंत झाली. माझी चूक तिथेच झाली.

पंचाहत्तर दिव्यांनी आईला ओवाळलं. त्या उजेडात ती इतकी खूश होती की मी परतायची तारीख विसरले. निघायच्या सकाळी मात्र फोल्डर सापडेना. सगळं घर उलटंपालटं केलं. शेवटी तो देवघरात मिळाला. आत कागद, कागदावर चार अक्षता आणि माझ्या फोटोच्या कपाळावर लालभडक कुंकू.

“आई! हे काय?”

“पत्रिकेला कुंकू नको लावायला? आणि कपाळ भुंडं होतं तुझं फोटोत.”

“सरकारी कागद आहे तो!”

“सरकारला आई नसते काय?” म्हणत तिनं त्याच बोटानं माझ्याही कपाळाला कुंकू लावलं.

विमानात मी तो कागद दहा वेळा पाहिला. पुसायची हिंमत झाली नाही. यापुढे प्रत्येक सरकारी फोटोला टिकली लावूनच बसायचं, असं मात्र मी ठरवून टाकलं.

सिॲटलच्या काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं कागद पाहिला, मला पाहिलं आणि बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथे तासभर बसले. बाहेर आनंद आणि इरा वाट बघत होते, आणि मधल्या दारातून मला जाऊ देतील की नाही ते कुणीच सांगत नव्हतं. मला खरोखर भीती वाटली. अखेर पिकल्या मिशांच्या एका अधिकाऱ्यानं बोलावलं.

“फोटोवर हे काय आहे?” त्यानं इंग्रजीत विचारलं.

“माझी आई,” मी म्हणाले. त्या क्षणी यापेक्षा शहाणं काही सुचलं नाही. मग आमंत्रण, पत्रिका, कुंकू, सगळं एका दमात सांगून टाकलं.

त्यानं संगणकावर माझा कोरा फोटो काढून बघितला. मग माझ्या कपाळाकडे बघितलं. प्रवासात अर्धं पुसलेलं कुंकू तिथे अजून होतं.

“कागदावरचाच फोटो जास्त जुळतो,” तो जराही न हसता म्हणाला आणि शिक्का मारून कागद परत दिला.

घरी जाताना इरानं गाडीत फोल्डर उघडला. कागद डोळ्यांजवळ धरून ती बराच वेळ बघत बसली.

“ममा, आजीला नीट दिसत नाही ना? देन हाऊ? इट्स एक्झॅक्टली इन द मिडल.”

मी कागद घेतला. फोटोतलं कपाळ करंगळीच्या नखाएवढं, आणि कुंकू अगदी मधोमध. फाटकात हातभर अंतरावर उभी असलेली मी जिला दिसले नव्हते, तिनं ते लावलं होतं.

तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मी जाणार आहे. ग्रीन कार्ड तोवर आलं तर उत्तम, नाहीतर पुन्हा परोलवर. नव्या कागदाला नवा फोटो लागला, तर टिकली लावणार नाही. कपाळ आईसाठी मोकळंच ठेवणार आहे.