सुरतेच्या उकाड्यात विलायती शेगडी

आधी चहा संपवा, मग ऐका. मागे एकाला हा किस्सा सांगत होतो, तर त्याच्या नाकातून चहा आला आणि त्याची बायको डाग पडलेला सदरा घेऊन माझ्याकडे आली. चुका माझ्या हातून पुष्कळ झाल्या. पण हिच्याएवढी शहाणपणानं केलेली चूक दुसरी नाही.

साल आठवत नाही. टेरेलीनच्या सदऱ्याचं सगळ्यांना वेड लागलं होतं, ते दिवस. शिरपूरकडून सुरतेला येऊन मला सात-आठ वर्षं झाली होती. गवंडीकाम करायचो. शाळेच्या पायऱ्या मी बांधल्या, चढलो मात्र नाही.

अठवा लाइन्सला एका कापडमिलवाल्या शेठचा बैठा बंगला होता. शेठ विलायतेला जाऊन आले आणि येताना एक तयार लोखंडी शेगडी घेऊन आले. भिंतीत बसवायची. पेटीच्या आत पेटी, मधे वारा खेळायला जागा आणि धूर जायला छपरातून बाहेर निघणारी नळी. तिकडे बर्फ पडतो, लोक हिच्यापुढे बसतात. आता सुरतेत थंडी ती किती? ट्रंकेतला स्वेटर उन्हात टाकावा, तर डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत थंडी संपते. पण सुरतेत दुसऱ्या कुणाकडे अशी शेगडी नव्हती, म्हणजे शेठकडे हवीच.

आधीच्या कुणा कारागिरानं तिच्या अंगाला चिकटून सागवानी फळ्या ठोकल्या होत्या. पहिल्याच जाळाला फळ्या काळ्या पडल्या. म्हणून मला बोलावणं आलं. शेठ म्हणाले, भिका, उत्तराणीला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, मुलीच्या सासरची माणसं येणार आहेत, तोवर भोवतालचं सगळं नव्यानं कर. शेगडी नीट पेटली तर तुला मिलमध्ये कायमचा मिस्त्री करतो.

कायमचा! रोज सकाळी थापी घेऊन नाक्यावर उभं राहणाऱ्याला हा शब्द कसा लागतो, ते नाक्यावर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

लाकडाच्या कामाला होते मगनभाई सुतार. काठेवाडी माणूस, हात सोन्याचा. त्यांना शेगडीच्या तोंडापर्यंत कोरलेले सागवानी मोर आणायचे होते. मी म्हटलं, मोर भाजून खायचा आहे का? शेगडीबरोबर इंग्रजी कागद आला होता. वाचता मला मराठीही येत नाही, पण चित्राला कुठली भाषा? जाळ इथं, लाकूड तिथं, मधे मोकळी जागा. शेठनी आकडे वाचून दाखवले, मी ते दोरीवर गाठी मारून घेतले. तोंडाभोवती विटा आणि काळा कडप्पा. वाऱ्यासाठी ठेवलेली भोकं बुजवायची नाहीत. लाकूड दोरीच्या शेवटच्या गाठीपलीकडे. मगनभाईंचे मोर सरकत सरकत पार खिडकीशी गेले. त्यांना राग आला. येणारच.

मी मात्र फार सांभाळून काम करणारा. छपरावर नळीभोवतीचं सिमेंट भरताना खडा आत पडू नये म्हणून रोज नळीचं तोंड गोणपाटानं बंद करायचो. एका संध्याकाळी वरचं काम संपत आलं, बघतो तर गोणपाट नाही. मगनभाईंनी ते आपल्या पॉलिश केलेल्या फळ्यांवर दव पडू नये म्हणून नेलं होतं. माझं डोकं तापलं. तशातच शेवटची थापी मारली, उतरलो, चालत घरी आलो.

दारात बायकोनं विचारलं, "फेटा कोठे शे तुमना?"

डोक्याला हात लावला. फेटा नाही. गुलाबी फेटा, थोरलीच्या लग्नात व्याह्यांनी स्वतः बांधलेला. मला एका क्षणात उलगडा झाला. जो गोणपाट सोडत नाही, तो फेटा सोडेल?

दुसऱ्या दिवशी मगनभाईंना विचारलं. ते म्हणाले, मला तुमच्या फेट्याचं काय करायचं, मी टोपीवाला माणूस. चोर दुसरं काय म्हणणार? मी चाळीत सांगितलं, नळावर सांगितलं. मग एके दिवशी पाहतो तर मगनभाई गुलाबी चिंधीनं पॉलिश पुसताहेत. सरळ शेठकडे गेलो. मगनभाईंची अवजारांची पेटी उघडली गेली. रंधे, पटाशी, तंबाखू, आणि ती चिंधी. ती निघाली त्यांच्या बायकोच्या जुन्या साडीची. मगनभाईंनी एकेक रंधा पुसून पेटीत परत ठेवला. मी मनात म्हटलं, बघा, किती पक्का आहे.

त्यानंतर आमचं बोलणं बंद. बंद म्हणजे, काम संपायच्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "भिकाभाई, एक वार सळगावी तो जुओ." एकदा पेटवून तर बघा.

चोराचं शहाणपण मी घेतो होय? मी म्हटलं, माझ्या कामाला परीक्षा लागत नाही. शेठलाही नव्या कामाचा पहिला जाळ व्याह्यांच्याच हातून हवा होता.

उत्तराणीच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे आले. व्याही विलायती सुटात, विहीणबाई काश्मिरी शालीत. दिवाणखान्यात उकडू नये म्हणून दोन पंखे गरगर फिरत होते आणि पंख्याखाली सगळे शेकायला बसले होते. शेठनी मला बोलावून पुढे उभं केलं. मी दोरी दाखवली, गाठी दाखवल्या. लाकूड किती लांब, वारा कुठून येतो, सगळं सावकाश सांगितलं. व्याही मान डोलवत होते. दाराशी मगनभाई उभे होते. त्यांना ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "या घरात आता ठिणगीनं काहीएक जळणार नाही."

व्याह्यांनी काडी लावली. जाळ छान उठला. टाळ्या वाजल्या. मग धूर वर गेला, जरा थांबला, आणि काहीतरी विसरल्यासारखा माघारी आला.

पंख्यांनी तो सगळ्यांना सारखा वाटला. व्याही खोकताहेत, शालीतून नुसतं "हे राम" ऐकू येतंय, आणि शेठ धुरातून विचारताहेत, "भिका, आ शुं छे?" मी कडप्प्याला हात लावून म्हणतोय, शेठ, लाकूड बघा, लाकूड अगदी थंड आहे. शेवटी बांधकामातली उरलेली वाळू जाळावर ओतली.

तेवढ्यात मगनभाई न सांगता शिडी लावून छपरावर चढले होते. ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातातल्या लोखंडी आकड्याला काहीतरी लोंबत होतं. अर्धं काळं, अर्धं गुलाबी.

त्यांनी ते सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. आवाज अगदी मऊ. "ल्यो भिकाभाई. तमारो फेंटो जडी गयो." सापडला तुमचा फेटा.

गोणपाट नव्हतं, म्हणून हाताला आलं ते मीच नळीत कोंबलं होतं. आणि हाताला आलं होतं डोक्यावरचं.

मी फेटा धरून उभा. मग मगनभाईच शेठना म्हणाले, की लाकडाला खरंच काही झालं नाही, भिकाभाईंचं काम पक्कं आहे. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला धरलं आणि म्हणाले, राहू द्या, धुरानं तुम्हाला माझे पायही सापडायचे नाहीत. यावर आधी विहीणबाई हसल्या, मग सगळेच.

म्हणजे माझा शब्द खरा झाला म्हणायचा. त्या घरात ठिणगीनं काही जळलं नाही, मिस्त्रीचा फेटा सोडून. रात्र व्हायच्या आत मी चाळीत आणि नळावर जाऊन, जिथं जिथं मगनभाईंना चोर म्हटलं होतं तिथं तिथं, तो जळका फेटा दाखवून आलो.

दुसऱ्या दिवशी शेगडी नीट पेटली आणि शेठनी शब्द पाळला. मिलमध्ये कायमचा लागलो आणि वीस वर्षं काढली. संध्याकाळी फाटकावर सगळ्यांची झडती व्हायची, कुणी आतलं कापड बाहेर नेतंय का म्हणून. माझी पण व्हायची. फक्त माझ्या बाबतीत शेठचा पहारेकऱ्याला वेगळा हुकूम होता. त्यानं एवढंच बघायचं, की भिका सकाळी आणलेलं कापड संध्याकाळी बाहेर घेऊन जातोय की नाही.