अक्कांच्या पायावरचा खड्डा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि पार्लरमधल्या बाकी सगळ्या भानगडी तर मी त्याला रोज जेवताना ऐकवते. मग तुम्हालाच का? तुम्ही माझ्या खुर्चीत बसायला येणार नाही, म्हणून असेल.

धुळ्यात, देवपुरात माझं ब्युटी पार्लर आहे. काही वर्षांपूर्वी मी नाशिकला जाऊन लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज शिकले. कातडीखाली साचलेलं पाणी अगदी हलक्या हाताने कानामागून मानेकडे, मानेवरून गळ्याच्या हाडापर्यंत उतरवायचं. सूज ओसरते, कातडीला तजेला येतो — काही तासांपुरता का होईना, पण येतो. यात खोटं काही नाही. खोटं पुढे आहे.

परत आले तर सगळ्यांनी खिल्ली उडवली. हात फिरवायला शिकायला नाशिकला गेली म्हणे! आमच्याकडे मालीश म्हणजे हाडं वाजली पाहिजेत. एवढा हलका हात कुणाला पटेना. पटला तो अक्कांना. आमच्याच गल्लीतल्या, साठीच्या. धाकट्या मुलाचं लग्न तोंडावर आलेलं आणि रोज सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं. विहिणीसमोर असं तोंड घेऊन कसं जायचं, ही त्यांची काळजी.

पहिल्या मसाजनंतर त्यांनी आरशात पाहिलं आणि ओरडल्याच, "बठ्ठी सूज उतरी गयी व! तुना हातले गुण शे."

हाताला गुण आहे, असं इकडे एका बाईने दुसरीला सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही. बाळाला तेल लावणारी असो, लचक काढणारी असो — हातगुण असला की झालं. अक्कांनी ते हळदीकुंकवात सांगितलं, बाया येऊ लागल्या. हसणाऱ्याही आल्या. मला ते फार आवडलं. लाज वाटावी इतकं आवडलं.

अक्कांची सूज मात्र दर वेळी परत यायची, आणि जरा जास्तच. एक दिवस म्हणाल्या, पायही जड झालेत, त्यांनाही हात लाव. मी साडी जरा वर सारली, नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला.

मी तो ओळखला. माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, किडनीचं दुखणं असंच सुरू झालं होतं, आणि त्यांचे पाय मीच चेपायचे. शिवाय नाशिकच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलेलं — सुजेचं कारण माहीत नसेल तर हात लावायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. तेव्हा मला कळलं नाही, असं मी म्हणू शकत नाही.

आणि अक्कांनी विचारलंही. "डाक्टरले दखाडू का व?"

तुम्ही काय म्हणाला असता? — नको, राहू दे. हा प्रश्न मी तुम्हाला माझ्या बाजूला ओढायलाच विचारतेय. मी म्हणाले, "कशाला अक्का? साचलेलं पाणी आहे. लग्नापर्यंत मोकळं होईल." बाकावर बाया बसल्या होत्या, कान इकडे. डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर हातगुण तिथल्या तिथे संपला असता. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

लग्न झालं. त्या सकाळी अक्कांचा चेहरा मीच केला, आणि फोटोत त्या खरंच छान दिसतात. त्यानंतर काही आठवड्यांतच धाप लागली म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. दोन्ही किडन्या गेल्यासारख्याच. आता ठरल्या वारी डायलिसिस. थोडं आधी आणलं असतं तर औषधांवर पुष्कळ निभावलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे मला थोरल्या मुलाने सांगितलं, मी भेटायला गेले तेव्हा. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. मग त्याने विचारलं, "ताई, तुम्ही तर तिचे पाय पाहिले होते ना? तुम्हाला काही वाटलं नाही?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते, देव जाणे. त्याआधी अक्काच बोलल्या, माझ्याकडे न बघता —

"तिनी सांगेल व्हतं. मीच ऐकं नई."

मला वाचवलं का त्यांनी? की इतक्या दिवसांत त्यांनाच तसं वाटायला लागलं होतं? विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

मुलगा आईवर चिडला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं — तू कधी कुणाचं ऐकलंस, तुझ्या हट्टापायी आम्ही सगळे भोगतोय. अक्का खाली मान घालून ऐकत होत्या. मग तो माझ्याकडे वळला. "सांगितलं होतं ना तुम्ही हिला?"

मी म्हणाले, "हो. सांगितलं होतं."