ओतेरो नव्हे, ओउतेइरो

मीनल टेकाडे मूळची नागपूरची, एडिनबरात नर्स, आणि एकदा हट्टाला पेटली की कोणाच्या बापाला ऐकायची नाही. स्वतःच्याही नाही. २००५ साली तिनं स्पेनमधल्या गॅलिसियाच्या ब्राइस ओतेरोशी लग्न केलं. तिच्या वडिलांनी, कमलाकररावांनी, फोनवर आडनाव ऐकलं आणि नागपूरभर सांगितलं, "जावई ओतारी आहेत." आता घ्या! "भांडी ओतणारे का हो?" म्हणत नातेवाइकांनी ते महिनाभर चघळलं. मीनल भडकली. "ओतारी असता तरी त्याच्याशीच केलं असतं!"

पण या घोळामुळेच तिनं नवऱ्याला आडनावाचा अर्थ विचारला.

"खरं ते ओतेरो नाहीच," ब्राइस म्हणाला. "ओउतेइरो, म्हणजे आमच्या गॅलिसियन भाषेत टेकाड. गावामागच्या टेकाडावरून पडलेलं. बाबा शाळेत असताना मास्तरानं हातावर छड्या मारून स्पॅनिश पद्धतीनं ओतेरो लिहायला लावलं. तेच कागदोपत्री चढलं. मग काकांबरोबर अर्जेंटिनाला गेलं, लंडनच्या हॉटेलांत गेलं, माझ्याबरोबर इथं आलं."

"टेकाड?" मीनल उडालीच. "अरे, म्हणजे तुम्हीही टेकाडेच की!"

पुढच्या वर्षी सिया झाली. नोंदणीला एकवीस दिवसांची मुदत. पोरीला ओउतेइरोच लावायचं, मीनलनं जाहीर केलं. ब्राइस कचरला. त्याच्या वडिलांनी, मानुएलनी, गावाहून बजावलं होतं, "मेलेलं उकरू नका. त्या नावापायी मी मार खाल्लाय."

"मार खाल्ला म्हणून नाव सोडायचं? हा कुठला न्याय?" मीनल कडाडली. "मारणारा कधीच मातीत गेला, आणि तुम्ही बापलेक अजून हात पुढे करून उभे!"

ब्राइसला राग आला, वाईटही वाटलं. पण तो कोट घालून तिच्याबरोबर नोंदणीला निघाला.

रजिस्ट्रारबाईंनी फॉर्म पाहिला. "वडील ओतेरो, आई टेकाडे. मग हे कोणाचं?"

"दोघांचंही," मीनल म्हणाली. "चूक वडिलांच्या पासपोर्टात आहे. तुम्ही बरोबर लिहा." तिनं एकेक अक्षर सांगितलं. बाईंनी लिहिलं. खाली ब्राइसनं सही केली.

संध्याकाळी त्यानं गावी फोन लावून दाखला वाचून दाखवला. आता म्हातारा शिव्या घालणार म्हणून मीनल कंबर कसून बसली होती.

"परत वाच," मानुएल म्हणाले. "आणि जोरात वाच."