भानुदासचं बुधवारचं सूप

भानुदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन त्याच्या धाकट्या भावाचा, कोंडिबाचा. "दादा गेले. दुपारी बाराला न्यायचं हाय," एवढंच बोलून त्यानं ठेवला. मी राहिलेली अर्धी दाढी पूर्ण केली, वर चहाही घेतला. माणूस किती निबर होऊ शकतो हे त्या दिवशी कळलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला ते दोन वर्षांपासून ठाऊक होतं.

एका सरकारी कचेरीत आम्ही सव्वीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. तो शेंद्र्याचा. जमीन कारखान्यांखाली गेली तरी गाव सोडलं नाही, रोज तिथून शहरात यायचा. गळ्यात तुळशीची माळ, गावच्या भजनी मंडळाचा प्रमुख, आणि नियमाला असा कडक की सख्ख्या भावाचीही गय केली नाही. कोंडिबानं कुणाच्या तरी लग्नात मटणाचा रस्सा ओरपला हे कळल्यावर भानुदासनं भर मंदिरात त्याची माळ उतरवून घेतली. कोंडिबा वर्षभर पाया पडत होता, पण हा बधला नाही. ज्याची माळ उतरली त्याच्यासाठी मंडळाचा टाळ वाजणार नाही, जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही, हा नियम त्यानंच घातला. मलाही सोडायचा नाही. "वसंता, तुझ्या तोंडाला कालच्या कोंबडीचा वास येतोय," असं भर कचेरीत म्हणायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो आणि मनात डूख धरून बसायचो.

चारेक वर्षांपूर्वी जालना रोडच्या मागच्या गल्लीत रफीकभाईनं हॉटेल टाकलं. रफीकभाई सिल्लोडचा. व्हिएतनाममध्ये दहा वर्षं कुठल्याशा भटारखान्यात राबून आलेला. चार टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर होडीचं एक चित्र, आणि भल्यामोठ्या वाडग्यात तांदळाच्या शेवयांचं वाफाळतं सूप, मटणाचं किंवा नुसत्या भाज्यांचं. वर सब्जाची पानं, लिंबू, मिरचीचे काप. पैसे इतके कमी की आमच्यासारख्या कारकुनांनी रोज खावं. भानुदासच्या दाढा तेव्हा पडत चालल्या होत्या, भाकरी चावत नव्हती. मीच त्याला घेऊन गेलो. भाज्यांच्या सुपाचा पहिला घोट घेऊन तो म्हणाला, "लई भारी रे. आपली शेवयांची आमटीच की ही." तेव्हापासून दर बुधवारी कचेरी सुटली की आम्ही तिथं. शेवया चमच्यावरून घसरायच्या, त्याच्या सदऱ्यावर पडायच्या, आणि इतरांना रीतभात शिकवणारा हा माणूस लहान मुलासारखा बोटानं उचलून खायचा. मला त्याचा तेवढाच अवतार आवडायचा.

गल्ल्यावर एक बाटली असायची, तिच्यावर मासा छापलेला. मी ती पहिल्याच दिवशी पाहिली होती. या व्हिएतनामी सुपात माशाचं पाणी पडतं हे कुठंतरी वाचलंही होतं. रफीकभाईला विचारणं काही अवघड नव्हतं. मी विचारलं नाही. दीड वर्ष मी समोर बसून त्याला भुरके मारताना बघत होतो आणि मनात हसत होतो.

मग एका बुधवारी कचेरीतले सातआठ जण आमच्याबरोबर आले. एकजण निवृत्त होत होता, त्याची पार्टी. भानुदासनं सगळ्यांदेखत पुन्हा माझी कोंबडी काढली. मी वाटच बघत होतो. मोठ्यानं म्हणालो, "अरे महाराज, दीड वर्ष तू मासळी ओरपतोयस! ती बाटली बघ." टेबल हसून हसून पडायचं बाकी राहिलं. भानुदासनं चमचा खाली ठेवला. तोंड पुसलं. "तुला आधीपासून ठाऊक व्हतं?" मी म्हणालो, "मग काय!" तो उठून गेला. रफीकभाई तेव्हा आत चुलीपाशी होता, त्याला यातलं काही कळलंच नाही. आणि त्याला जाऊन विचारावं हे भानुदासला सुचलं नाही, कारण माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

पुढच्या एकादशीला त्यानं मंदिरात सर्वांसमोर स्वतःच्या हातानं माळ उतरवली. "चूक झाली. काय ते इचारू नका," एवढंच म्हणाला. गावानं मग हवं ते ठरवलं. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं शहरात बाई ठेवलीय. त्यानं माझं नाव कुणाला सांगितलं नाही. कचेरीतून त्यानं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. भजनाच्या वेळी तो मंदिराबाहेर पायरीवर बसायचा म्हणे. मी दोन वर्षांत एकदाच त्याच्या घरी गेलो, तो अंथरुणाला खिळला तेव्हा. मला वाटलं आता हा शिव्या घालेल. तो छताकडं बघत म्हणाला, "वसंता, चव मातर लई चांगली व्हती रे..." मी पाच मिनिटांत काढता पाय घेतला.

अंत्ययात्रेला मंडळाचे लोक आले होते, पण टाळ पिशव्यांतच. कोंडिबा त्यांच्यापुढं हात जोडत होता, ज्याची माळ याच भावानं उतरवली होती तो कोंडिबा. "एक अभंग म्हणा रं, एकच." म्हातारा पखवाजवाला म्हणाला, "त्यानंच घातलेला नियम हाय. मोडला तर त्यालाच पटायचं नाय." मी तिथंच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर निदान दारू आणि बाईचा डाग तरी पुसला गेला असता. मी चप्पल शोधण्याचं नाटक केलं. भानुदास मुक्यानं गेला.

पंधरा दिवसांनी रफीकभाईकडं गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. त्यानं विचारलं, "वो मालावाले चाचा कू नै लाए कित्ते दिन से?" मी सांगितलं. तो खुर्चीवर बसला. म्हणाला, "उनका सूप मैं अलगच बनाता था साब. मूली, अद्रक, कोथमीर के डंठल का. गले में माला दिखती थी ना... मच्छी का एक बूंद नै डाला कभी."

परवा शेंद्र्याला भानुदासच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. बाटली, माझं हसणं, रफीकभाई, काही लपवलं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजी ह्यांनी काय खाल्लंच नव्हतं?"

"नाही वहिनी."

"मला वाटलं, लोकं म्हणत्यात तसंच कायतरी आसंल. दोन वर्षं मी त्यांना देवघरात येऊ दिलं नाय, भाऊजी. उंबऱ्याभाईर बसून हात जोडायचे. थंडीतबी तिथंच."

मी शिव्यांची वाट बघत बसलो होतो. वहिनी उठल्या. देवघराच्या उंबऱ्याबाहेर त्याचं बसकर अजून तसंच पडलेलं होतं. त्यांनी ते उचललं, झटकलं, आत नेऊन देवासमोर अंथरलं आणि दार लावून घेतलं.