पाटावर बसवलेले वडील

ज्याच्या पदन्यासाने सृष्टी उभी राहते आणि त्याच पदन्यासाने विरून जाते, त्या नटेश्वराला प्रथम नमस्कार असो. विद्यापीठाच्या नाट्यविभागात पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लिहिलेली नवी नाटके यंदाही रंगमंचावर येत आहेत. त्याचे निमंत्रण काल घरी आले. त्या निमित्ताने मागच्या वर्षीचा एक प्रयोग लिहून ठेवावा, असे मनात आले.

मी भिक्षुकी करणारा; मला तिथे बोलावले होते ते केवळ उच्चारांसाठी. एका विद्यार्थिनीच्या एकांकिकेत पितरांच्या आवाहनाचे संस्कृत होते; ते शुद्ध म्हटले जावे, एवढीच विभागाची अपेक्षा. मुलगी उमरेडच्या विणकर घरातली. वडील हातमागावर बसत. ते गेले तेव्हा ही नागपुरात परीक्षेला होती. शेवटची भेट झाली नाही. नाटकात तिने तीच भेट मांडली होती. मुलगी पाट मांडते, वडिलांना हाक मारते, त्यांना जेवू घालते आणि बोलायचे राहून गेलेले सारे बोलते. वडील जेवत असतानाच प्रकाश मावळतो. नाटक तिथे संपते.

आपल्या विदर्भात अक्षय्य तृतीयेला एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवतात. तेवढ्या वेळापुरता तो माणूस स्वतः राहत नाही, पितरच होतो. म्हणूनच जेवण झाल्यावर घरचा कर्ता तांब्या घेऊन उंबरठ्यापर्यंत त्याला पोचवतो, पाणी सोडतो, निरोप देतो. बोलावणे आणि पोचवणे मिळून एक विधी होतो. या नाटकात बोलावणे होते. तेही वडिलांच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या गोत्राने. पोचवणे नव्हते.

मी तिला हे पहिल्याच दिवशी सांगितले. ती हसून म्हणाली, "गुरुजी, नाटक आहे हो ते." मग खाली पाहून म्हणाली, "अन् मला त्यांना पाठवायचंच नाहीये."

वडिलांची भूमिका काटोलकडच्या एका मुलाकडे होती. घरी संत्र्याची बाग. हातमाग त्याने कधी पाहिलाही नव्हता. तालीम संपली की कोणीतरी "लाईट द्या" म्हणून ओरडे आणि सगळे बाहेर चहाला जात. हा मात्र पाटावरच बसलेला असे.

"उठ ना गा, चहा थंडा होऊन राहिला!"

"सासुरवाडीले आला का बे? आग्रह पायजे तुले?"

मुले हसत. तो उठे तो गुडघ्यांवर हात टेकून, एखाद्या म्हाताऱ्यासारखा. पुढे पुढे तर उठायच्या आधी त्याचा उजवा हात हवेत एक दोरी खेचल्यासारखा झटके देई आणि त्याच लयीत पाय खाली दाबले जात, मागावर बसलेल्या विणकरासारखे. त्याला कोणी हे शिकवले, असे मी त्या मुलीला विचारले. ती त्याच्या पानाकडे बघत होती. पत्रावळीच्या कडेला, तालमीसाठी वाढलेल्या पिठले-भाताचा एक घास नीट वळून ठेवलेला होता.

"बाबा माझ्यासाठी असाच ठेवायचे," ती हळूच म्हणाली. "मी हे लिहिलं नाही, गुरुजी. कोणाला सांगितलंही नाही."

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आनंद होता. मला भय वाटले ते त्या आनंदाचे.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी तो मुलगा माझ्या घरी आला. डोळे खोल गेलेले. म्हणाला, "गुरुजी, मी घरी जेवून राहिलो का एक घास आपोआप बाजूले पडते. आई विचारते, काहून ठेवला रे? मले सांगता येत नाही. अन् जेवून उठलो तरी भूक तशीच. जेवते कोण, तेच समजत नाही. मले हे काम नको."

मी त्या मुलीला बोलावून घेतले. तिने त्याच्याकडे नीट पाहिले, बहुधा पहिल्यांदाच. मग विचारले, "निरोप दिला तर ते परत येतील का?"

"येणे न येणे त्यांच्याकडे," मी म्हणालो. "पण निरोपावाचून पंगतीतला पाहुणा उठू शकत नाही. त्यांना तू अडवले आहेस आणि त्यांच्यासोबत यालाही."

ती उठून गेली. मुलगा मात्र म्हणाला, उद्या एक डाव बसतो.

प्रयोगाला सभागृह भरलेले होते. मधल्या वाटेच्या कडेची जागा मला मिळाली. आवाहन झाले, पान वाढले गेले, नाटकातली मुलगी बोलली. प्रकाश मावळायला लागला, आणि विंगेतून ती स्वतः, लेखिका, साध्या कपड्यांत तांब्या घेऊन आली. हे संहितेत नव्हते. प्रकाश सांभाळणाऱ्याने तो तिथेच थांबवला.

"बाबा," ती म्हणाली, "जेवण झालं न? उठा आता. मी पोचवायला येते."

पाटावरचा मुलगा हलला नाही. त्याची मान छातीवर आली होती. ती मात्र वळली, पायऱ्या उतरली आणि मधल्या वाटेने पाण्याची धार सोडत दाराकडे चालू लागली, कोणाला तरी पुढे घालून चालावे तशी, थोडे अंतर राखून, संथपणे. मी पाहत होतो. ती पोचण्याआधीच, रांगेमागून रांग, कडेला बसलेली माणसे पाय आत ओढून घेत होती, जाणाऱ्याला वाट द्यावी तशी. कोणी कोणाकडे पाहिले नाही. माझेही पाय आत आले. एक क्षण मागावरच्या सुताला लावतात त्या खळीचा आंबूस वास आला आणि गेला.

दारात तिने उरलेले पाणी सोडले, हात जोडले आणि दार लोटून घेतले. तेव्हा मंचावरच्या मुलाने मान वर केली. ती दारालाच टेकून रडत होती. मागे वळून तिने पाटाकडे पाहिले नाही.

वाचकहो, तुमच्या घरी येणारे सुखाने येवोत, जाणारे निरोप घेऊन तृप्त मनाने जावोत. तुमची लेकरेबाळे, तुमची चूल आणि तुमचा उंबरठा यांवर त्या परमेश्वराची कृपादृष्टी अखंड राहो.