मुकुट मोजणारा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या हॅम्बर्गमध्ये नसेल. अंदाजाने बोलत नाही. एका रविवारी जेवताना तो अकरा वेळा उठला, मी मोजलं. युरो नवा होता तेव्हाची गोष्ट. तो इथल्या विद्यापीठात श्रीलंकेच्या सिंहली नर्तकांच्या जुन्या मुकुटांवर प्रबंध लिहीत होता. त्या मुकुटांनी कुठून काय घेतलं, एवढाच प्रश्न. पण उत्तर दर आठवड्याला जागा बदलायचं. या शनिवारी दक्षिण भारतातली देवळं, पुढच्या शनिवारी कँडीचा दरबार. मुकुटावरची बोधिवृक्षाची पानं पाहून तर तो फोटो नाचवत ओरडला, "ताई, हे आपलं पिंपळपान! बाळाच्या कपाळावरचं!" "असेल. आधी पोळी खा," ही म्हणाली. खरा मुकुट दीक्षा घेतलेल्या नर्तकाखेरीज कुणाच्या डोक्यावर ठेवत नाहीत. म्हणून तो दुधाच्या रिकाम्या खोक्यांचे मुकुट करून आम्हाला घाली आणि कपाळाशी होणारा कोन मोजी. माझा बारा अंश. मुलगी जर्मनमध्ये नको नको करत, "नाइन, मामा, नाइन!" म्हणत बाल्कनीत पळे.

शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती आणि खऱ्या मुकुटाचा कोन मिळाल्याशिवाय शेवटचा तक्ता पुरा होत नव्हता. तक्ता अपुरा राहिला तर प्रबंध परत, असं प्राध्यापकबाईंनी बजावलं होतं. अखेर बंदरावरच्या कॅन्टीनमध्ये काम करणारे एक म्हातारे सिंहली नर्तक तयार झाले. मेहुण्याला मीच गाडीने त्यांच्या घरी घेऊन गेलो. आजोबांनी हातपाय धुतले, वडिलांचा मुकुट कापडातून काढला, कपाळाला टेकवला आणि चढवला. मग, कुणी सांगितलं नसताना, दुखऱ्या गुडघ्यांनी चार पावलं नाचले. चांदीची पानं थरथरत राहिली.

"बिट्टे, मोजा," ते जर्मनमध्ये विनंती करत म्हणाले. मेहुण्याने कोनमापक खिशात घातला.

गाडीत मी चिडलो. "अरे, दोन मिनिटांचं काम होतं! आता प्रबंधाचं काय?"

"त्यांच्या कपाळाला कोनमापक लावायचा होता, भाऊजी. नाही लावता आला."

प्रबंध परत आला. त्या रकान्यापुढे लाल प्रश्नचिन्ह. आमच्या खोक्यांच्या मुकुटांच्या कोनांची सरासरी टाक, असं मी सुचवलं, याची आता लाज वाटते. त्याने तिथे 'मोजला नाही' एवढंच लिहून पुन्हा पाठवला. मान्य झाला, श्रेणी एक पायरी उतरली, आणि त्याला मिळणार असलेली शिकवायची नोकरी दुसऱ्याला गेली. तो आता कँडीत असतो, पत्रं क्वचित येतात. प्रबंधाची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यातला प्रत्येक आकडा मी तपासलाय, सगळे बरोबर आहेत. पण प्रत कधी काढलीच, तर मी 'मोजला नाही' लिहिलेलं तेच एक पान वाचतो.