राठोडबाईंचे थेंब

बाभुळगावातल्या आमच्या आयुर्वेदिक डॉक्टर राठोडबाई औषध कधी हळू आवाजात सांगत नसत. बाकावर कितीही माणसं असोत, थेंबांची बाटली उंच धरून म्हणायच्या, "याच्यात विजया हाय. विजया म्हंजे भांग. लपून घ्याची असन तं देत नाई." निम्मा बाक हसायचा, उरलेला खिडकीबाहेर पाहायचा.

बाई पुसदकडच्या बंजारा तांड्यातल्या. घरी गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी आणि रागावल्या की हिंदी. कोटाच्या खिशात भाजलेले शेंगदाणे असत. एका हाताने रोग्याची नाडी पाहायच्या, दुसऱ्याने शेंगदाणे खायच्या.

माझी पत्नी सुशीला हिच्यावर नागपूरला कर्करोगाचे उपचार सुरू होते. केमोनंतर तिला अन्नाचा वासही सहन होत नसे. बाकीची औषधं करून झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनीच विचारलं, "तुमच्याकडे विजयाचं औषध देणारे वैद्य आहेत का? हल्ली आम्हीही काही रुग्णांना पाठवतो." कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मी मागे वळून पाहिलं. मी निवृत्त मास्तर आणि गावच्या व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष.

"बाई, जरा हळू बोला," मी दवाखान्यात म्हणालो.

"काहून? चोरी करून राह्यली का मी? शिवरात्रीले भांगेची ठंडाई तुमचंच मंडळ वाटते ना, मास्तर? पयला गिलास तुमचा."

"तो प्रसाद आहे."

"अन् हे औषध हाय. याले परवाना हाय, माप हाय. तुमच्या गंजभर ठंडाईले कोनतं माप?" मग सुशीलाकडे वळून म्हणाल्या, "वैनी, यानं कॅन्सर जात नाई. भूक लागन. नागपूर सोडू नका."

भूक लागली. एका सकाळी सुशीलाने भाकर आणि ठेचा मागितला. मी मात्र बाटलीवरचा नावाचा कागद खरवडून काढला होता.

मंडळातल्या दोघांनी मला विचारलं, "वैनी त्या बाईचंच औषध घेते म्हन्ते लोकं. खरं हाय का?"

"छे," मी म्हणालो.

माझ्या त्या 'छे'वर विसंबून त्यांनी बाई नशा विकतात अशी तक्रार केली. तपासणीला औषध खात्याचे साहेब आले. दवाखान्यापुढे गर्दी जमली. कागदपत्रं ठीक होती, पण औषध घेणाऱ्या कुणाकडून तरी साहेबांना ऐकायचं होतं. बाईंनी गर्दीवर नजर फिरवली. ती माझ्यापाशी थांबली. मी वाकून चपलेतला खडा काढत राहिलो. खडा नव्हताच.

तेवढ्यात ऑटो थांबला. डोक्याला रुमाल बांधलेली सुशीला उतरली.

"मी घेते, साहेब. काल दोन भाकरी खाल्ल्या. नशा चढली असती तं इथवर आली असती का?" मग ती माझ्याकडे वळली. "अन् तुमी इथं काय करून राह्यले? दळन आनाले गेलते ना?"

साहेबसुद्धा हसले. तक्रार तिथेच मिटली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मास्तरांनी दळणाचं निमित्त करून स्वतःच्या बायकोला पुढे केलं. लोकांनी पाठ थोपटली, मी थोपटून घेतली. पुढे रोगी उघडपणे येऊ लागले. सुशीला बरी झाली आणि आता मला जेवताना टोकते.

एकदा धीर करून मी बाईंना विचारलं, "तुम्ही त्या दिवशीचं खरं लोकांना का सांगितलं नाही?"

"व्यसनमुक्तीवाल्याच्या घरात चालते म्हून लोकं आले, मास्तर. येऊ द्या ना. लोकायची लाज गेली का मंग तुमीच सांगजा."

गेल्या उन्हाळ्यात बाई वारल्या. शोकसभेत मला पहिल्या रांगेत बसवलं, बाईंच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस म्हणून. माझ्याशेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्या आपापल्या थेंबांचं माप एकमेकींना सांगत होत्या, चांगल्या मोठ्या आवाजात.

तेव्हा आता सांगतो. त्या दिवशी सुशीलाला मी पाठवलं नव्हतं. ती आपली आपण आली.